परसदारातलं भांडण

मंगैयर्करसीने आयुष्यात कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. समोरच्याने तोंड उघडलं की दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच तिला पुढचं सगळं कळायचं, निदान कळलं असं वाटायचं, आणि ती उत्तर देऊन मोकळी व्हायची. बसचा कंडक्टर, दारावर येणारी कोळीण, सख्खा भाऊ, ऑफिसातले साहेब, सगळ्यांची बोलणी तिने अर्ध्यावर तोडलेली होती. पुदुच्चेरीत मुदलियारपेटच्या ज्या गल्लीत ती राहायची तिथे ती मंगै अक्का. ती कोपऱ्यावर दिसली की दारात बसलेल्या बायकांना घरातली कामं आठवायची.

ऑफिसातही तेच. सकाळी आली की आधी खुर्ची पुसायची, जणू रात्रीतून कुणी मुद्दाम घाण करून गेलंय. मग फाईल उघडायची आणि पहिला शब्द असायचा, "कुणाचं पाप हे?" चांगली माणसं असतात तशी ती नव्हती आणि तसा आवही आणत नव्हती, एवढं तिच्या बाजूने म्हणता येईल.

कंपनी परदेशी प्रकाशकांची पुस्तकं वेबपानांत बसवून द्यायची. अशा कंपन्या त्या गावात इडलीच्या गाड्यांइतक्या. मंगैच्या विभागाचं काम एकच, चुकीच्या जागी उघडलेले आणि चुकीच्या जागी मिटलेले टॅग सरळ करणं. वेबपानावरचा मथळा असो, तक्ता असो, नाहीतर ठळक अक्षरांतला एखादा शब्द असो, तो एका टॅगने उघडतो आणि दुसऱ्याने मिटतो. एकात एक असे पाच-सहा उघडले, तर जो शेवटी उघडला तो आधी मिटवायचा.

"आधी आतल्या खोलीला कडी, मग बाहेरच्या दाराला कुलूप," असं ती नव्यांना सांगायची. "बाहेरून कुलूप लावून आतल्या कडीला हात घालायला गेलात तर बसाल बोंबलत. कळलं का? नाही कळलं. तोंडावरूनच दिसतंय."

तिच्या शेजारच्या टेबलावर एळुमलै बसायचा. दोघं एकाच वेळी नोकरीला लागलेले. जाडसर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डब्यात रोज सुक्या मासळीचं कालवण आणि त्याचा वास दुपारभर खोलीत. त्याची कामाची तऱ्हा वेगळी. कुठला टॅग कुठे उघडा राहिला हे शोधत बसण्याऐवजी तो मिटायचे सगळे टॅग पानाच्या तळाशी ओळीने चिकटवून द्यायचा. तपासणीचं यंत्र म्हणायचं, चुका शून्य. एळुमलै चहाला जायचा. पानावर मात्र एक शब्द ठळक हवा तिथे अख्खं पान ठळक, आणि तक्त्याचा उरलेला भाग तळटिपेच्या पोटात. मग ते निस्तरायला मंगै.

दोघांचं बोलणं बंद झालं बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला. त्या दिवशी ऑफिसात सगळ्या कॉम्प्युटरांना गंध-कुंकू लावून झालं होतं, हातात चण्यांच्या उसळीचे द्रोण होते, साहेबही खाली आले होते. मंगै मोठ्याने म्हणाली, "एळुमलैच्या की-बोर्डाला कुंकू कशाला? तो कुठे वापरतो? शेवटचं एक बटण दाबतो फक्त. त्या एका बटणालाच लावा."

लोक हसले. एळुमलैने द्रोण खाली ठेवला.

"अक्काचं बरोबर आहे," तो म्हणाला. "तिच्या स्वतःच्या आयुष्यात काही उघडलंच नाही. म्हणून बिचारी दुसऱ्यांचं मिटवत फिरते."

मंगैचं लग्न झालेलं नव्हतं. त्याची कारणं होती आणि ती सगळ्या ऑफिसला ठाऊक होती. यावेळी कुणी हसलं नाही, आणि न हसणं हे हसण्याहून वाईट होतं. त्यानंतर दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. तोंडाने एक शब्द नाही.

तोंडाने नाही, पण परसदारातून चालायचं. वेबपानाच्या आत एक अशी जागा असते की तिथे लिहिलेलं वाचणाऱ्याला पानावर दिसत नाही. तिला कॉमेंट म्हणतात. एका माणसाने फाईल पुढच्याला देताना तिथे निरोप ठेवायचा, 'या तक्त्याकडे बघ', 'इथे चित्र यायचंय', आणि फाईल बाहेर पाठवताना झाडूचा प्रोग्राम हे सगळं झाडून टाकायचा. ऑफिसात त्या जागेला परसदार म्हणत. घराची खरकटी भांडी आणि खरी भांडणं तिथेच असतात, म्हणून.

मंगै तिथे लिहायची, "हा तक्ता कुणी बांधला? त्याच्या घराला दारं आहेत का?"

खाली उत्तर यायचं, "आहेत. मंगै अक्का दिसली की आपोआप बंद होतात."

"एळुमलै, म्हशीला शेपूट मागे असतं हे तुला कळलं, चांगलं झालं. म्हणून सगळंच मागे चिकटवायचं का?"

"म्हैस दूध तरी देते. अक्का नुसती शिंगं."

बाकीचे लोक चहाबरोबर हे वाचायचे. साहेबांनाही ठाऊक होतं. सवरिरायन साहेब शहाणे गृहस्थ, म्हणजे ज्याने काम अडत नाही त्याकडे न बघणारे.

परसदाराचा नियम एकच होता. दुसऱ्याच्या कॉमेंटच्या आत आपली कॉमेंट घालायची नाही. बाकीचे टॅग एकात एक मावतात, कॉमेंट मावत नाही. मिटायची पहिली खूण आली की यंत्राच्या लेखी कॉमेंट संपली, मग ती खूण कुणाचीही असो. झाडू तिथपर्यंतचं झाडतो, आणि पहिल्या माणसाचं जे वाक्य पुढे उरलं असेल ते उघड्यावर पडतं, पानावर, साऱ्या जगासमोर. उत्तर द्यायचं तर आधीच्याच्या खाली, वेगळं. हा नियम नव्या माणसाला पहिल्या दिवशी मंगैच शिकवायची. कुणाच्या हातून मोडलाच, तर जेवायच्या सुट्टीपर्यंत त्याला सोलून काढायची.

आडी महिन्याच्या, म्हणजे तिकडच्या आषाढाच्या, तोंडावर नवं यंत्र आलं. ते टॅग स्वतःच सरळ करायचं. निम्मं भलत्या जागी सरळ करायचं ही गोष्ट वेगळी, पण ते डबा खात नव्हतं आणि रजा मागत नव्हतं. विभाग हळूहळू रिकामा झाला. शेवटी मंगै आणि एळुमलै उरले. सवरिरायननी दोघांना समोर उभं करून सांगितलं, "यंत्राचं काम झाल्यावर शेवटची नजर टाकायला एक माणूस लागेल. एकच. परदेशातल्या त्या औषधांच्या वेबसाइटचं काम तेवढं राहिलंय आपल्याकडे. ते बघून ठरवू."

खुर्ची एक आणि माणसं दोन. ती खुर्ची म्हणजे मंगैसाठी काय होतं हे समजायला तिचं घर बघायला हवं.

घर तिच्या भावाचं. त्याहून खरं सांगायचं तर भावाच्या बायकोचं, अमुदा अण्णीचं. मंगै सकाळी बाहेर पडायची आणि दिवे लागल्यावर परतायची, तेवढाच मधला वेळ तिचा होता. घरात तिला एक खाट होती, आणि त्या खाटेवर कुणीही धुतलेले कपडे टाकायचं. नोकरी आहे तोवर अण्णी तिला काम सांगू शकत नव्हती. सांगायची इच्छा मात्र अण्णीने वर्षानुवर्षं लोणच्यासारखी मुरवत ठेवली होती.

यंत्र आल्याची बातमी घरी पोचली त्याच आठवड्यात अण्णीने भांडीवालीला सांगून टाकलं, "पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस. घरचंच माणूस मोकळं होतंय."

मंगैने ते मोरीच्या दारातून ऐकलं.

"अण्णी, माझी नोकरी अजून—"

"अगं, मी कुठे काय म्हटलं?" अण्णीने तांदूळ पाखडत म्हटलं. "तुझी नोकरी लाखाची. राहिली तर राहिली. नाहीतर घर आहेच की तुझं. मला गुडघ्याने उठवत नाही, तुला सवय होईल पहाटे उठायची."

मंगै तिच्या अंगावर ओरडली, भाऊ पेपरामागे दडून बसला, आणि त्या रात्रीचं सांबार कुणीच नीट खाल्लं नाही. अण्णीला मात्र ओरडून घेतल्याचं काही वाटलं नाही. जिंकणाऱ्या माणसाला वाटत नाही.

त्या आठवड्यात मंगैने काम केलं ते दात-ओठ खाऊन. एळुमलैकडून आलेल्या प्रत्येक फाईलमधली प्रत्येक चूक तिने परसदारात त्याच्या नावासकट मांडून ठेवली, साहेबांनी बघावी म्हणून. एळुमलैही गप्प बसणारा नव्हता. तिने एक तक्ता सरळ केला की तो खाली लिहायचा, "अक्काने तक्ता बांधला. आता यात संसार कोण मांडणार?"

शुक्रवारी जिन्यात सवरिरायननी तिला थांबवलं. हातात कॉफीचा पेला होता, चेहरा बरा होता.

"मंगै, त्या खुर्चीचं मी तुला सांगणारच होतो. एळुमलै काल माझ्याकडे येऊन—"

"येणारच!" मंगै म्हणाली. "माझ्याविरुद्ध काय काय ओकला ते मला सांगू नका, साहेब. मला ऐकायचंच नाही. काम बघा आणि ठरवा."

"अगं, ऐकून तरी—"

"काम बघा, साहेब." ती वर निघून गेली.

सवरिरायननी खांदे उडवले. सोमवारी कागदच हातात देऊ, असं ते स्वतःशी म्हणाले असतील. तिच्याशी बोलण्यापेक्षा कागद बरा, हे सगळ्यांचंच मत होतं.

दुपारी शेवटची फाईल आली. लहान मुलांच्या जुलाबावरचं पान, त्यात मीठ-साखर-पाण्याचं प्रमाण सांगणारा छोटा तक्ता. एळुमलैने आपलं काम करून ती पुढे ढकलली होती आणि स्वतः लवकर घरी गेला होता. खोलीत त्याच्या कालवणाचा वास तेवढा मागे होता. मंगैने तक्ता तपासला. टॅग सगळे जागच्या जागी. एकही तळाशी चिकटवलेला नाही. तिला याचंही वाईटच वाटलं, बोलायला काही ठेवलं नाही म्हणून. तेवढ्यात तक्त्याखाली त्याची लांबलचक कॉमेंट दिसली. पहिली ओळ अशी होती:

"मंगै अक्का, तुझी अण्णी अम्मनच्या देवळात आंबील वाटताना माझ्या बायकोला सांगत होती, आता घरची भांडी घासायला फुकटची बाई मिळणार म्हणून."

तळपायाची आग मस्तकात गेली. देवळात! आंबील घ्यायला अख्खी गल्ली उभी असताना! आणि ऐकायला कोण, तर एळुमलैची बायको! मंगैने पुढचं वाचलं नाही. पुढे काय असणार ते तिला ठाऊक होतं. तिने त्याच ओळीच्या शेवटी कर्सर ठेवला आणि बोटं आपटत लिहिलं, हाताच्या सवयीने उघडायची खूण आधी आणि मिटायची खूण शेवटी:

"एळुमलै, माझ्या घरची भांडी मोजण्यापेक्षा तुझी बायको तुला ओट्यावर का झोपवते ते बघ. खुर्ची माझी आहे. तुझ्यासारख्या शेपूटचिकटव्याला मी त्या खुर्चीचं पायपुसणंही होऊ देणार नाही."

कॉमेंट पडद्यावर राखाडी दिसते. तिने मिटायची खूण टंकली त्या क्षणी एळुमलैच्या उरलेल्या ओळी राखाडीच्या काळ्या झाल्या असणार. नवं पोर असतं तर तिने त्याची मान पकडून ते दाखवलं असतं. पण ती तोवर फाईल सेव्ह करून, झाडूला लावून, खुर्ची मागे ढकलून उठली होती. यंत्र म्हणालं, चुका शून्य. पान गेलं.

शनिवार-रविवार ते पान जगभर उघडं होतं. कुठल्याशा देशातल्या आया तापलेलं मूल मांडीवर घेऊन मिठाचं प्रमाण वाचत होत्या आणि त्याखाली तमिळमधल्या ओळी बघत होत्या. प्रकाशकाच्या लोकांना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण हे छापायचं नव्हतं एवढं कळलं. तमिळ कळणारे मात्र कुठे नसतात? सवरिरायनच्या पॅरिसमधल्या भाचीने त्या पानाचा फोटो काढून मामाला पाठवला, खाली हसून हसून रडणारे चेहरे. तोवर फोटो मुदलियारपेटमध्येही फिरून आला होता.

सोमवारी सकाळी दोघं साहेबांच्या खोलीत उभे होते. टेबलावर एक लिफाफा होता, त्यावर मंगैचं नाव. लिफाफा बंदच होता.

"हे वाच," सवरिरायन म्हणाले आणि पडदा तिच्याकडे वळवला.

तिने वाचलं. मिठाच्या आणि साखरेच्या चमच्यांखाली होतं:

"तिला म्हणावं, भांडीवालीचे पाय धर आणि परत बोलाव. मी खुर्चीचा नाद सोडला. सवरिरायनला सांगून झालं, मंगैलाच बसवा म्हटलं. उपकार नाही हा, अक्का. मेव्हणा अव्वल कंजूष आहे, पण त्याच्या रंगाच्या दुकानात तुझं तोंड दिसणार नाही. तू बस त्या खुर्चीवर आणि कूज."

मंगैने ते एकदा वाचलं. मग परत वाचलं.

"कॉमेंटच्या आत कॉमेंट," सवरिरायन म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, हे जास्त भीतीचं होतं. "तू? पोरांना पहिल्या दिवशी कोण शिकवतं हे?"

"साहेब, शब्द त्याचे आहेत," मंगै म्हणाली.

"शब्द माझेच," एळुमलै म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. "उघड्यावर कुणी आणले ते विचारा."

"मला विचारायची गरज नाही, फाईल शेवटी कुणी सेव्ह केली ते दिसतं. प्रकाशकाच्या लोकांनाही दिसतं. ज्या माणसाने ही फाईल पाठवली त्याचा हात आमच्या कामाला लागता कामा नये, असं त्यांनी लिहिलंय. आणि आपल्याकडे दुसरं काम नाही." सवरिरायननी लिफाफा उचलला, क्षणभर हातात धरला आणि खणात टाकला. "एळुमलै, आजपासून खुर्चीवर तू."

"मला नको. मी मेव्हण्याला शब्द दिलाय."

"मेव्हण्याने पान वाचलं नाही?"

एळुमलैने कपाळावरची विभूती पुसली. "वाचलं. सकाळीच फोन आला. कंजुषाच्या दुकानात पाय ठेवू नकोस म्हणाला."

अशी ती खुर्ची, ज्याला नको होती त्याच्या गळ्यात पडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण इथे हात एकीने दाखवला आणि अवलक्षण दोघांचं झालं.

जाण्याआधी पान दुरुस्त करायचं काम साहेबांनी मंगैलाच दिलं. त्यात शिक्षेचा भाग होता की सवयीचा, कुणास ठाऊक. ती बसली. खुर्ची पुसली नाही. त्या ओळी तिने एकेक करून पुसल्या. 'मंगैलाच बसवा' हे शब्द सगळ्यांत शेवटी. इतक्या वर्षांत तिच्यासाठी कुणी काही मागितल्याचे तेवढेच शब्द होते आणि तेही शिव्यांच्या गठ्ठ्यात बांधून आलेले.

ती जिन्याने उतरत असताना एळुमलै वरून म्हणाला, "अक्का." कित्येक वर्षांनी तोंडाने.

ती थांबली.

"एकदा तरी पुरं वाचायचंस."

"तू पहिल्याच ओळीत माझ्या घरावर—"

"झालं! घेतलंस पुन्हा तोडून," एळुमलै म्हणाला आणि दार लावून घेतलं. त्या दारामागे तो आता एकटा बसणार होता, यंत्राच्या चुका बघत, निवृत्तीपर्यंत. मंगैला त्याचा आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.

घरी अण्णी ओसरीवर वांगी चिरत बसली होती. तिने वर पाहिलं नाही. फोटो तिच्याकडेही पोचला होताच.

"आलीस?" ती म्हणाली. "बरं झालं. उजेड आहे तोवर दाखवून देते. पितळेची भांडी चिंचेने घासायची, राखेने नाही. स्टीलची वेगळी. तुझ्या दादाला साडेपाचला कॉफी लागते, त्याच्या आधी दारात सडा आणि रांगोळी. कपडे मशीनमध्ये टाकायचे नाहीत, बिल येतं. दुपारी तुला पडायचं असेल तर पड, मी काही वाईट नाही. पण झोपू नकोस."

मंगैच्या जिभेवर उत्तर होतं. पहिल्याच वाक्याला होतं, दुसऱ्याला त्याहून झोंबणारं होतं. तिने ते गिळलं. ती पायरीवर उभी राहिली आणि अण्णीचं बोलणं संपेपर्यंत, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत, ऐकत राहिली. पुढे काहीतरी असेल म्हणून.

पुढे काही नव्हतं. अण्णीने चिरलेली वांगी पाण्यात टाकली आणि विळी धुवायला तिच्यापुढे सरकवली.